हरलेल्यानं आधी निघायचं

चतुराबाई बोलायला लागली की वस्तीतल्या बायका हातातलं काम खाली ठेवत. आदरापोटी नव्हे; तो आवाज चालू असताना दुसरं काही सुचणं शक्यच नव्हतं. तिची अर्धी हयात माळाच्या या टोकावरून त्या टोकाच्या मेंढरांना हाका मारण्यात गेलेली. नवरा गेल्यावर तिनं मेंढरं विकली, आणि आता ती एका कंपनीच्या आवारातली हिरवळ खुरपते. ज्या गवतावर मेंढरू सोडायचं नाही ते गवत वाढवायचं कशाला, हे तिला अजून कोणी समजावून देऊ शकलेलं नाही.

बिडकीनच्या अलीकडे जे गायरान शिल्लक होतं, त्याच्या रस्त्याकडच्या अंगाला पत्र्याची घरं आहेत. त्यातलं एक तिचं. मागचा मोकळा माळ मेंढरांचा. तिथं तिचा धाकटा भाऊ सोनाजी आणि भावकीतली पाच-सहा बिऱ्हाडं मेंढरं घेऊन पालं ठोकून राहत. घरं सरकारदरबारी अतिक्रमण आणि माळ सरकारदरबारी गायरान. दोन्हींवर डोळा ठेवून बसलेल्यांची टंचाई कधीच नव्हती. म्हणून गायरान हक्क समिती. ती उभी केली धम्मपालनं. शहरात शिकवण्या घेऊन पोट भरणारा हा चाळिशीचा माणूस मतं मागायला जाताना कुणाला चहासुद्धा पाजत नसे. जिल्हा परिषदेला तो दोनदा उभा राहिला आणि दोनदा सपाटून पडला. दुसऱ्या वेळी अनामतही गेली. चतुराबाई दोन्ही वेळा त्याच्यासाठी घसा बसेपर्यंत हिंडली. पडलो तरी आपण कुणाचे मिंधे नाही, हे ती अशा थाटात सांगायची, की ऐकणाऱ्याला निवडून आलेल्याचीच कीव यावी.

समितीची एक रीत होती. काय ते बैठकीत हात वर करून ठरवायचं, आणि एकदा ठरलं की बाहेर सगळ्यांचा आवाज एकच. शिवाय बैठकीत ज्याचं म्हणणं पडलं, त्यानं प्रचाराला सगळ्यांच्या आधी निघायचं. पहिल्या निवडणुकीत रुसलेली मंडळी घरात बसून राहिली होती, त्यावर धम्मपालनं काढलेला हा तोडगा. “बराबर हाय,” असं मोठ्यांदा म्हणून तो मंजूर करून घेतला होता चतुराबाईनंच.

तिसऱ्या निवडणुकीच्या वेळी मात्र गोष्ट वेगळी झाली. गटाचा आधीचा सदस्य उघड सांगत सुटला होता, की यंदा निवडून आलो की रस्त्याकडची पत्र्याची घरं पहिली काढणार. त्याच्याविरुद्ध उभे होते तात्यासाहेब, मोसंबीच्या बागांचे मालक. त्यांचा समितीला निरोप आला: तुम्ही उमेदवार देऊ नका, मतं मला द्या, घरांना हात लागू देणार नाही.

तात्यासाहेबांचं नाव निघालं तरी चतुराबाईच्या अंगाचा तिळपापड होई. कधीकाळी तिच्या नवऱ्याची, खंडेरावची, चार मेंढरं त्यांच्या बागेत घुसली होती. गड्यांनी खंडेरावला बांधावर आडवा पाडून काठ्यांनी झोडपला. तात्यासाहेब खुर्ची टाकून बसले होते. त्यांनी स्वतः बोट लावलं नाही, आणि थांबा असंही म्हणाले नाहीत. खंडेराव पुढं कितीतरी वर्षांनी काविळीनं गेला, त्याचा दोष ती कुणाला देत नसे. पण त्या दिवसानंतर तो चारचौघांत मान वर करून बोलला नाही, हे तिनं रोज पाहिलं होतं.

रविवारी दुपारी समाजमंदिराच्या ओट्यावर बैठक बसली. सगळ्यांना वाटलं होतं, धम्मपाल निरोप धुडकावून लावील. तो उठला आणि म्हणाला, “तात्यासाहेब चांगला माणूस आहे असं मी म्हणत नाही. तो काय आहे ते मला ठाऊक आहे. पण दोघांतला एक येणार आहे, आणि आपल्यातला कुणी येणार नाही. मी उभा राहिलो तर आपली मतं माझ्याकडं येतील, तात्या पडेल आणि घरं काढणारा निवडून येईल. मग मी माझी तत्त्वं घेऊन कुठं उभा राहू? पाडलेल्या पत्र्यांवर?”

चतुराबाई ताडकन उठली. “मंग इतके दिवस काय सांगत होतो आपण लोकायला? दोघंबी एकाच माळेचे मणी हायेत, हे तुमीच शिकवलं ना भाऊ? म्या अडाणी बाई, पण शिकवलेलं इसरत नाय.”

“परिस्थिती बदलली, मावशी.”

“परिस्थिती बदलली का तुमी?” ती म्हणाली. “हरलो तरी आपली मतं आपली म्हणून दिसत्यात. इतके लोक कुणाला भेत नायत, हे गावाला कळतंय. त्याच्या ढिगात टाकली की आपली कोणती अन् त्याची कोणती, कोण सांगणार?”

धम्मपाल खाली बघत म्हणाला, “जेसीबी मतं मोजून येत नाही, मावशी. आणि खरं सांगू? हरायचा कंटाळा आलाय मला.”

तेवढ्यात बायकांमधून तिची सून दिपाली उठली. लेकरू कडेवर होतं. सासूसमोर कधी वर तोंड करून न बोललेली पोरगी. “आत्या, तुमचं खोटं नाय. मामांजींना मारलं ते म्याबी ऐकलंय. पण घर गेलं तर या लेकराला घेऊन रस्त्यावर म्या बसणार हाय. तुमचं तत्त्व लई मोठं हाय. त्याच्याखाली झोपता येत नाय.”

चतुराबाई खाली बसली. हात वर झाले. तात्यासाहेबांच्या बाजूनं ओटा भरून हात. विरोधात तिचा, आणि तिच्याकडं बघून भीतभीत वर केलेले दोन-चार.

रीतीप्रमाणे सगळ्यांच्या आधी तिनं निघायचं होतं. तिच्या वाट्याला आला माळावरचा सोनाजी. ती बिऱ्हाडं एकगठ्ठा मत देत, आणि तिच्याखेरीज कुणाचं ऐकत नसत. धम्मपालला हे पक्कं माहीत होतं. मतांचा प्रश्न आला की भले भले हिशेबी होतात, तर धम्मपाल का होऊ नये?

सोनाजी लोकर कातरत बसला होता. बहिणीला बघून त्यानं कातर बाजूला ठेवली, देवाच्या पिशवीतला भंडारा काढून तिच्या कपाळाला लावला, बायकोला चहा ठेवायला सांगितलं. तिनं समितीचं म्हणणं सांगितलं. तो ऐकत राहिला.

“हे समितीचं झालं,” तो म्हणाला. “तुजं काय म्हणणं हाय, आक्का? दाजींना मारणाऱ्याला मत दे म्हणतीस का तू?”

खरं बोलायचं तर ही वेळ होती. माझं मन नाही, पण बैठकीत ठरलं, एवढं म्हणाली असती तरी भावानं काय ते ओळखलं असतं. पण बाहेर सगळ्यांचा आवाज एकच. तो नियम तिनं स्वतः मोठ्यांदा मंजूर केला होता, आणि हरल्यावर नियम मोडणाऱ्यांना तिनं स्वतःच नावं ठेवली होती. कपाळावर भंडारा घेऊन ती म्हणाली, “माझंबी तेच म्हणणं हाय.”

“मंग झालं,” सोनाजी म्हणाला, आणि पुन्हा कातर उचलली.

तात्यासाहेब थोडक्यात निवडून आले. माळावरची मतं नसती तर पडले असते, हे मोजणीच्या खोलीतून बाहेर पडतानाच लोक बोलत होते. वस्तीत गुलाल उधळला. आणि या माणसानं शब्द पाळला, तेही सांगायला हवं. घरांकडे कुणी फिरकलं नाही. उलट वस्तीत नळ आला. दिपाली पहिला हंडा भरून आली तेव्हा सासूकडं बघायचं टाळत होती. जिंकलेल्यानं दाखवावी एवढी सभ्यता तिच्यात होती. चतुराबाईलाही वाटलं, आपलंच चुकलं असेल. राग धरून बसणाऱ्याला पुढचं दिसत नाही.

पाऊसकाळ संपता संपता मागच्या माळावर तारेचं कुंपण पडायला लागलं. गोदामं होणार होती. परवानगी वरून आलेली, आणि त्यामागं तात्यासाहेबांचा जोर. चतुराबाई धम्मपालला घेऊन त्यांच्या बंगल्यावर गेली. तात्यासाहेबांनी दोघांना खुर्च्या दिल्या, पाणी दिलं. आवाज चढवला नाही.

“घरांचा शब्द दिला होता. एक पत्रा तरी हलला का?” ते म्हणाले. “माळाचं तुम्ही काही मागितलंच नव्हतं.”

हे खरं होतं, आणि म्हणूनच ते तिच्या जिव्हारी लागलं. त्या दुपारी ओट्यावर इतकी भांडणं झाली, पण मागच्या माळाचं नाव कुणी काढलं नव्हतं. धम्मपालला घरं दिसत होती, दिपालीला लेकरू. आणि ती, मेंढक्यांच्या घरात जन्मलेली, माळावर वाढलेली, तात्यासाहेब माणूस कसा आहे हेच ओरडून सांगत राहिली. त्याच्याकडून काय लिहून घ्यायचं, हे तिच्याही डोक्यात आलं नाही. खुर्चीत बसल्या जागी तिला स्वतःची शिसारी आली.

चराई नाही म्हटल्यावर सोनाजीनं मेंढरं विकली. व्यापारी टेम्पो घेऊन आले. सोनाजी एकेक मेंढरू उचलून वर देत होता. चतुराबाई मदतीला पुढं झाली तर म्हणाला, “राहू दे आक्का, तुजे कपडे खराब होतील.” शिवी दिली असती तर तिला बरं वाटलं असतं. बाकीची बिऱ्हाडं सोयगावकडं निघून गेली. सोनाजीच्या गुडघ्यांत तेवढं चालायचं बळ नव्हतं. तो बायकोला घेऊन बहिणीच्या पत्र्याशेजारी पाल ठोकून राहिला, आणि दिवसभर कुंपणाकडं बघत बसू लागला.

तिला ते बघवेना. ती एकटीच पुन्हा बंगल्यावर गेली. ज्या बांधावर नवऱ्याला झोडपलं होतं, तो ओलांडून गेली आणि भावासाठी काम मागितलं. तात्यासाहेबांनी तिथल्या तिथं फोन केला. आठ दिवसांत सोनाजी निळा शर्ट घालून त्याच कुंपणाच्या फाटकावर उभा राहिला. जनावर आत येऊ द्यायचं नाही, हे त्याचं काम. पगार वेळेवर होता. तात्यासाहेबांनी त्याबदल्यात चकार शब्दानं काही मागितलं नाही.

मग ग्रामपंचायतीची निवडणूक लागली. पुन्हा ओटा, पुन्हा बैठक. या वेळी धम्मपाल हात जोडून उभा राहिला. गेल्या काही महिन्यांत त्याच्या केसांत पांढरं दिसायला लागलं होतं. “मी चुकलो,” तो म्हणाला. “मावशी बरोबर बोलत होत्या. आपली मतं त्याच्या ढिगात गेली, आणि त्यानं आपल्यालाच ढीग समजून उपसलं. यंदा आपलं पॅनल, आपली माणसं. पडलो तर पडू.” बायका-माणसं हलली. दिपालीचा हात तर सांगायच्या आधीच वर आला. कितीतरी दिवसांनी ओट्यावर जुनी ऊब आली होती. आता सगळे चतुराबाईच्या आवाजाची वाट बघत होते.

चतुराबाई बसल्या जागेवरून म्हणाली, “तात्यासाहेबाच्या पॅनलला द्यावीत मतं.”

धम्मपालला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. “मावशी, तुम्ही?”

“व्हय, म्याच.” आवाज इतका खाली, की मागच्यांना पुढच्यांनी सांगावं लागलं. “आपण इरोधात गेलो की दुसऱ्या दिवशी सोनाजी फाटकावरून घरी. त्याची मेंढरं म्या खाल्ली. आता भाकरीबी खाऊ का?”

कुणी वाद घातला नाही. वाद घालणारी तीच एक होती. दिपालीनं हात खाली घेतला, मग एकेक करत बाकीच्यांनी. धम्मपालनं हात मोजलेही नाहीत. चपला शोधून पायांत घातल्या आणि तो मोटारसायकलकडं चालू लागला. शहराकडं जाताना त्यानं मागं वळून बघितलं नाही.

परतताना वाट फाटकावरूनच होती. सोनाजी स्टुलावर बसला होता. बहिणीला बघून उठला.

“काय ठरलं, आक्का?”

“तात्यासाहेबच.”

त्यानं मोठा श्वास सोडला. “लई बरं केलं,” तो म्हणाला. “म्या सकाळपासून भेऊन होतो, तू इरोधात बोलतीस का काय.”

तो अगदी मनापासून बोलत होता. चतुराबाईनं मान हलवली आणि घराकडं चालू लागली, आणि वाटेत भेटलेल्या बायकांपैकी कुणाशीही ती बोलली नाही.