केशरी, पांढरा, निळा : बाबांनी चढवलेला डच झेंडा

रविवारी सकाळी बाबा म्हणाले, "घरात बसून किती क्रिकेट बघायचं? चल, कुठेतरी जाऊ." मी लगेच बूट घातले. अर्धांगवायूचा झटका येऊन गेल्यापासून ते पुण्याहून माझ्याकडे, सिडनीतल्या स्कोफिल्ड्सला आलेत. उजव्या हातात ताकद परत आलीय असं फिजिओ म्हणते, पण बाबा तो हात वापरतच नाहीत. ताट वाढण्यापासून बटणं लावण्यापर्यंत सगळं मीच करते.

स्कोफिल्ड्सहून सेंट्रल स्टेशनला थेट ट्रेन आहे, पुढे लाइट रेलने पिरमाँट बे. वीकएंडला रुळांच्या कामासाठी ट्रेन बंद नाहीत ना, एवढं आधी बघून घ्या. गाडी मात्र नेऊ नका, पार्किंग फार महाग पडतं.

तिथल्या सागरी संग्रहालयाच्या धक्क्यावर चारशे वर्षांपूर्वीच्या डच जहाजाची लाकडी प्रतिकृती उभी होती. डेकवर एल्स नावाची स्वयंसेविका एक झेंडा उलगडत होती. केशरी, पांढरा, निळा.

"यातला हिरवा कुठे गेला?" बाबांनी विचारलं. मी ते एल्सला इंग्रजीत सांगितलं, तशी ती खळखळून हसली.

"आता तर केशरीही गेला," ती म्हणाली. "आजच्या डच झेंड्यात त्या जागी लाल आहे. समुद्रावर केशरी लवकर विटायचा म्हणून बदलला, असं माझे आजोबा सांगायचे. इतिहासकारांचं त्यावर एकमत नाही." मग तिने बाबांपुढे दोरी धरली. "चढवणार?"

बाबांनी डावा हात पुढे केला.

"दोन्ही लागतील, मेट."

त्यांना जमणार नाही, असं मी सांगणार तोच बाबा म्हणाले, "श्रुती, तू थांब जरा."

उजवी बोटं दोरीभोवती हळूहळू मिटली. झेंडा निम्म्यावर गेला आणि सर्रकन खाली आला. मागे लोक खोळंबले होते. एल्स "नो वरीज" म्हणून शांत उभी राहिली. बाबांनी पुन्हा ओढायला घेतलं. या वेळी तो टोकाला पोचला, वाऱ्याने उघडला आणि मागच्यांनी टाळ्या वाजवल्या. बाबांनी त्यांना हात हलवून दाखवला. उजवा.

नंतर धक्क्यावर बसून चिप्स खाल्ले. सीगल्सपासून जपा, हातातलं खाणं पळवतात. "आपली भजी बरी," म्हणत बाबांनी अख्खा डबा संपवला.

झेंड्याचा इतिहास मी हळूहळू विसरेन. त्या दोरीपाशी बाबांना अडवायला निघालेली मी होते, हे नाही विसरणार. सोमवारी सकाळी त्यांनी उजव्या हाताने दुधाचं पातेलं उचललं. थोडं दूध ओट्यावर सांडलं. मी फडकं घेऊन उठले आणि पुन्हा बसले.

"श्रुती," बाबांनी विचारलं, "तुझ्या चहात साखर किती?"