दुसरी सही

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीलाही नाही. तुम्हाला सांगतेय, कारण — खरं तर कारण मलाही धड माहीत नाही.

कोल्हापूरजवळच्या एका ऊस संशोधन संस्थेत मी जैवमाहिती कक्ष चालवायचे. नाव भारदस्त, आत तीन कॉम्प्युटर, मी आणि माझा सहकारी सदाशिव. दोन हजार सालानंतरची ती पहिली काही वर्षं. शास्त्रज्ञ मंडळी उसाच्या पानांचे नमुने गोळा करायची, त्यातला डीएनए काढून बंगळूरला पाठवायची. तिकडून सीडीवर अक्षरांच्या लांबलचक माळा यायच्या. कुठल्या उसाची माळ कुठल्याशी जुळते, ते आम्ही शोधून द्यायचो. आम्ही बोलू ते सगळे खरं धरायचे. एवढा विश्वास माणसाला झेपतो का? मला तरी झेपला नाही.

कक्षाचा एक नियम होता, मीच केलेला. एकाने काम करायचं, दुसऱ्याने ते मूळ सीडीशी ताडून बघायचं, मग रजिस्टरमध्ये दोघांच्या सह्या. दुसरी सही झाल्याशिवाय कागद बाहेर जाणार नाही. या नियमाचा मला भारी तोरा होता.

सुजाता आमच्या संस्थेत पीएचडी करत होती. हातकणंगल्याहून रोज यायची. काणी रोग न लागणारा ऊस कोणता, हे तिला शोधायचं होतं — तीन वर्षं शेताशेतांतून फिरून पानं आणलेली. तिची सीडी आली त्या आठवड्यात सदाशिव गगनबावड्याला गावी अडकला होता, पावसाने रस्ता बंद. मोठे सर, म्हणजे तिचे मार्गदर्शक, घाई करत होते. यादी गावांप्रमाणे लावून हवी होती. प्रत्येक नमुन्याचं नाव गावापासूनच सुरू व्हायचं, म्हणून मी नावांचा रकाना निवडला, क्रम लावायचं बटण दाबलं. कॉम्प्युटरने विचारलं — शेजारचे रकानेही सोबत हलवू का? मी न वाचताच नाही म्हटलं. नावं हलली, माळा जागच्या जागी राहिल्या. आता प्रत्येक उसासमोर दुसऱ्याच उसाचं नाव होतं, आणि मला पत्ताच नव्हता.

आणि दुसरी सही? तीही मीच केली. सदाशिवची सही म्हणजे एक अक्षर आणि खाली फराटा, एवढीच तर होती.

निकाल भलताच आला. एकाच शेतातले दोन ऊस एकमेकांचे कुणीच लागेनात. मोठ्या सरांनी तिला सगळ्यांदेखत उभं केलं. "तीन वर्सं झाली, आन् तुला नळीवर नाव लिवता येईना व्हय?" प्रयोगशाळेत तिच्याकडून नळ्यांची अदलाबदल झाली, असं त्यांनी ठरवून टाकलं. दुसरं काय ठरवणार? आमच्या कागदावर दोन सह्या होत्या.

ती माझ्याकडे आली. रडली नाही. "मॅडम, मूळ सीडी एकदा बघूया की. माझ्याकडनं न्हाय झालं हो असं." मी रजिस्टर उघडून तिच्यापुढे सरकवलं आणि दोन्ही सह्यांवर बोट ठेवलं. त्यातली एक खोटी आहे हे मला माहीत होतं — तरी ठेवलं. तिने रजिस्टर मिटलं. मग म्हणाली, "मग माझंच कायतर चुकलं असंल."

ती गेल्यावर मी सीडी घातली. दहा मिनिटांत सगळं कळलं.

मोठ्या सरांची खोली चार दारं सोडून होती. मी उठले, दोन दारं ओलांडली, आतून त्यांचा चढलेला आवाज ऐकला आणि परत फिरले. कक्ष बंद पडेल, सदाशिवची नोकरी जाईल, असं मनाला सांगत होते. खोटं होतं ते. भीती एवढीच होती — तिला उभं केलं तसं मला उभं करतील. उद्या सांगू म्हटलं. उद्याचा परवा झाला. तिला पुन्हा पानं गोळा करण्यापासून सुरुवात करायला सांगितलं गेलं, आणि तिच्या घरचे आता थांबायला तयार नव्हते. महिन्याभरात तिचं येणं बंद झालं.

मग भीती माझ्याकडे मुक्कामाला आली. सीडी मी पर्समधून घरी आणली, कपाटात साड्यांच्या खाली ठेवली. कुणी जुनी माहिती मागितली की मी विषय बदलायचे. सदाशिवने रजिस्टर हातात घेतलं की मी काहीतरी काम काढून त्याला हाक मारायचे. एकदा त्याने सहज विचारलं, "मॅडम, त्या पावसात मी गावी किती दिवस अडकलतो वो?" आठवत नाही म्हटलं. त्याने रजिस्टरमधलं ते पान पाहिलं होतं का? अजून मला माहीत नाही.

सात-आठ वर्षांनी वारणानगरला एका लग्नात सुजाता भेटली. दूध तपासायच्या प्रयोगशाळेत कामाला होती. हाताला धरून मला जेवायला शेजारी बसवलं, आग्रहाने जिलेबी वाढायला लावली. "मॅडम, तवाची चूक लय शिकवून गेली बघा. अजून बाटलीवर दोन-दोनदा नाव लिवते. पोरी हसत्यात मला."

तेव्हा सांगायला हवं होतं. मांडवातल्या गलक्यात दुसऱ्या कुणाला ऐकूही गेलं नसतं. मोठे सर केव्हाच निवृत्त झाले होते. मग भ्यायला उरलं होतं कोण? तीच — ऐकल्यावर ती माझ्याकडे कशी बघेल, याला मी भ्याले.

"चांगली सवय आहे," मी म्हटलं. आणि जिलेबी खाल्ली.

सीडी अजून साड्यांच्या खाली आहे. सुजाता अजून दोनदा नाव लिहीत असेल.