शब्दाखालची देवनागरी

महिना संपायच्या आत नोकरी लागली नाही तर खोली सोडून गावी परतायचं, असं घरी ठरलं होतं. वडील फोनवर एवढंच म्हणाले होते, "शिकलीस, लई झालं. आता तिथं नुसतं बसून काय करायचं?" त्यात राग नव्हता. पैठणच्या अलीकडं आमची वस्ती आहे, आणि तिथून बी.एड.पर्यंत पोचलेली मी पहिलीच. त्यांनी मला ऐपतीबाहेर शिकवलं होतं. पण एकदा परत गेले की पुन्हा शहरात येणं होणार नाही, हे मलाही कळत होतं आणि त्यांनाही.

अशात एका इंग्रजी माध्यमाच्या शाळेतून बोलावणं आलं. चौथीच्या वर्गावर नमुना पाठ घ्यायचा होता. विषय आदल्या दिवशी फोनवर सांगितला: ऐकायला सारखे वाटणारे, पण अर्थानं वेगळे असे छोटे इंग्रजी शब्द. मी "यस मॅडम" म्हणाले आणि फोन ठेवल्यावर कॉटवर बसून राहिले. मला हे शब्द लिहिता यायचे, त्यांचे अर्थ पाठ होते. ऐकून ओळखता मात्र येत नव्हते.

शहरात औरंगपुऱ्याच्या मागच्या गल्लीत माझ्याबरोबर खोलीत राहणारी मैत्रीण एका दवाखान्यात रिसेप्शनला होती. ती याच शहरातली, पहिलीपासून इंग्रजी माध्यमात शिकलेली. संध्याकाळी कामावरून आल्यावर तिनं मला गच्चीवर नेलं, तिच्याकडं पाठ करून उभं केलं आणि शब्द म्हणायला लागली. शब्द 'राहणं' अर्थाचा की 'निघून जाणं' अर्थाचा, 'फुल' म्हणजे भरलेलं की 'फूल' म्हणजे मूर्ख, हे मी न बघता ओळखायचं. मी चुकतच गेले.

"अब तू बोल," ती म्हणाली. मी बोलले.

"दोनों एकीच बोल रई तू. बच्चे हसेंगे ना."

"हसू दे."

"हसू दे नको, नोकरी जाएगी. एक छोटा है, एक लंबा. बस."

छोटा आणि लांब म्हटल्यावर मला आमच्या विहारातल्या मावशी आठवल्या. रविवारी त्या आम्हा मुलांकडून पाली वंदना म्हणून घ्यायच्या. ह्रस्व अक्षर ओढलं किंवा दीर्घ अक्षर तोडलं की सगळ्यांना थांबवायच्या. ह्रस्वाला गुडघ्यावर मूठ, दीर्घाला उघडा पंजा. तोंड चुकलं तरी हात चुकायचा नाही, आणि हातामागून तोंड येत जायचं. मी गच्चीवर मूठ वळून 'लिव्ह' म्हटलं, पंजा उघडून 'लीव्ह' म्हटलं. मैत्रीण वळून माझ्यासमोर आली. मग म्हणाली, "फिरसे बोल."

दुसऱ्या दिवशी माझ्याआधी आणखी एका बाईंचा पाठ होता. बाहेर बाकावर बसून मी त्यांचं इंग्रजी ऐकलं. कुठं अडखळणं नाही, कुठं ओढाताण नाही. मी मांडीवर मूठ-पंजा करत 'लिव्ह', 'लीव्ह' पुटपुटत राहिले.

मी आत गेले. मुख्याध्यापिका मागच्या बाकावर वही घेऊन बसल्या होत्या. मी मुलांना मूठ आणि पंजा शिकवला. पहिली जोडी जमली, दुसरीही जमली. मुलं खुशीत हात उघडझाप करत होती. मला हायसं वाटलं, आणि तिथंच माझा हात सवयीवर गेला.

आमच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत प्रत्येक इंग्रजी शब्दाखाली त्याचा उच्चार देवनागरीत लिहायची पद्धत होती. गुरुजी सांगायचे, आम्ही लिहायचो, मग सगळा वर्ग एका सुरात म्हणायचा. त्या गुरुजींमुळंच मी इंग्रजीत बी.ए. होऊ शकले. पण या शाळेत इंग्रजीच्या तासाला फळ्यावर मराठी अक्षर चालत नाही, हे मला आधीच बजावलेलं होतं. तिसऱ्या जोडीचे दोन शब्द मी फळ्यावर लिहिले, एक 'ओला' अर्थाचा, एक 'थांब' अर्थाचा, आणि दोन्हींखाली ठळक लिहिलं: वेट. वेट.

"मिस, दोन्ही सेम आहेत," पुढच्या बाकावरची मुलगी म्हणाली.

"मिसनी मराठी लिहिलं," मागून कुणीतरी म्हणालं, आणि वर्ग हसला. मुख्याध्यापिकांचं पेन थांबलं.

मी घाईनं मूठ आणि पंजा करून दोन्ही शब्द म्हणून बघितले. पण इथला फरक लांबीचा नव्हता. माझ्या तोंडून दोन्ही एकच आले. "अगेन, मिस," ती मुलगी म्हणाली. पुन्हा एकच. डस्टर हातात होतं. पुसून पुढच्या जोडीवर जाता आलं असतं. पण चाळीस डोळे माझ्या तोंडाकडं लागले होते, आणि पुसलं तरी त्यांनी ऐकलं ते ऐकलंच होतं.

मी मुलांना सांगितलं, मला यातला फरक ऐकू येत नाही, तुम्ही मला शिकवा. मग फळ्याकडं तोंड करून उभी राहिले. त्या मुलीनं एकेक शब्द म्हणायचा. 'ओला' असेल तर मी मूठ वर करायची, 'थांब' असेल तर पंजा. पहिल्यांदा चुकले. "नो, मिस," सगळा वर्ग ओरडला. दुसऱ्यांदाही चुकले. मग ती मुलगी सावकाश, तोंड ताणून म्हणायला लागली. एकदा बरोबर आलं, लगेच पुन्हा चुकलं. तेवढ्यात वेळ संपली.

ऑफिसात मुख्याध्यापिकांनी मला बसायला सांगितलं नाही.

"ती तिसरी जोडी तुम्हाला येत नाही."

"नाही येत, मॅडम."

"चौथीचं इंग्रजी मी आधीच्या बाईंना देतेय. त्या बोलतात चांगलं."

"हो, मॅडम."

मी पर्स खांद्यावर घेतली. दुपारची एसटी मिळेल का, असा हिशोब डोक्यात सुरू झाला होता.

"थांबा. मराठीची जागा रिकामी आहे. आमची मुलं घरी मराठी बोलतात आणि लिहायला सांगितलं की रडतात. ह्रस्व-दीर्घाचा तर पत्ताच नाही. कराल?"

"करीन, मॅडम."

"आणि मधल्या सुट्टीत माझ्याकडं यायचं. ते वेट-वेट आपण बघू."

गेटबाहेर येऊन मी वडिलांना फोन लावला.

"लागली," मी म्हणाले. "मराठी शिकवायची."

"इंग्रजीत बी.ए. करून मराठी शिकवणार व्हय?"

"व्हय."



"बरं. मग मालकिणीला सांग, खोली सोडत नाय म्हणून."