कुकरच्या मापाचा डबा

गेल्या महिन्यात आमच्या बोईसरच्या बिल्डिंगमध्ये तिसऱ्या मजल्यावरच्या मंजूच्या मुलीचा वाढदिवस होता. केक वैशालीने केला होता. वैशाली म्हणजे माझ्या समोरच्या दारातली शेजारीण, माहेर जवळच्याच पाम गावचं, नवरा एमआयडीसीतल्या फॅब्रिकेशन वर्कशॉपमध्ये.

तिच्याकडे ओव्हन नाही. कुकरचं रबर आणि शिट्टी काढून, तळाशी मीठ पसरून ती केक भाजते. बिल्डिंगमधले निम्मे वाढदिवस तिच्याच केकवर होत होते... आणि तो बेकरीतल्यापेक्षा सरस असायचा. मी उगाच कोणाचं कौतुक करत नाही, हे मला ओळखणाऱ्यांना माहीत आहे.

जिन्यात मोडू नये म्हणून तिने केक डब्यातच आणला आणि सगळ्यांसमोर ताटात उपडा केला. संत्र्याचा वास घरभर पसरला. माझी नजर मात्र रिकाम्या डब्यावर गेली... बाहेरून पत्र्यावर खडीसाखर फुटल्यासारखी चमकती नक्षी आणि आतून ती विटून पांढुरकी झालेली.

मी सगळी नोकरी तारापूरच्या एका कारखान्याच्या लॅबमध्ये केली. जस्त चढवलेला पत्रा मला लांबून कळतो. त्यात संत्र्याचा रस आणि दही घातलेलं पीठ तापवलं की जस्त केकमध्ये उतरतं, हे मला कोणी वेगळं सांगायला नको.

"वैशाली, डबा कुठला गं हा?"

"ह्यांनी बनवलाय, मावशी. माझ्या कुकरचं तोंड बारीक. बाजारातला डबा आत जातच नाय." तिचा चेहरा फुलला होता. "वर्कशॉपमधला उरलेला पत्रा, पन नवा कोरा हाय."

तिथे मी तिला आत स्वयंपाकघरात नेऊ शकले असते. पण माझी जीभ... मी भरल्या घरात म्हणाले, "नवा असेल. पण हा पत्रा लोक छपरावर घालतात, पोरांच्या पोटात नाही."

कोणीतरी हसून म्हणालं, "म्हणजे इतके दिवस आमच्या पोटात छप्पर होतं." मग सगळेच हसले. केक तसाच राहिला, आणि मंजूने फ्रीजमधलं आइस्क्रीम काढलं.

वैशाली हसली नाही. डबा पदराखाली घेऊन ती निघून गेली. जाताना मला दिसलं, डब्याच्या कडा आत दुमडून ठोकून गुळगुळीत केल्या होत्या... बायकोचा हात कापू नये म्हणून.

संध्याकाळपर्यंत बिल्डिंगच्या ग्रुपवर "पत्र्याचा केक" हे नाव पडलं होतं. इतके दिवस बोटं चाटून खाणाऱ्या बायकांना एकाएकी जुनी पोटदुखी आठवली. एकीनेही तिच्या दारात जाऊन विचारलं नाही, ऑर्डरी मात्र मेसेजवर रद्द केल्या. मला त्यांचा संताप आला, अजूनही येतो... पण काडी मीच टाकली होती.

दोन-चार दिवसांनी मी पालघरच्या बाजारात गेले. दुकानदाराने आधी काचेचं भांडं पुढे केलं, त्यावर मायक्रोवेव्ह सेफ असा स्टिकर. म्हटलं, "गॅसवरच्या कोरड्या कुकरला स्टिकर वाचता येत नाही, तिथे काच तडकते." मग त्याने काळा नॉनस्टिक काढला. कोरडा कुकर आत किती तापतो त्याचा नेम नाही, तिथे जळून सुटणारं कोटिंग कशाला हवं?

शेवटी साधा जाड अ‍ॅल्युमिनियमचा डबा घेतला, कसलाही लेप नसलेला, आणि खाली ठेवायला स्टीलची जाळी. वैशालीच्या कुकरसारखाच कुकर माझ्याकडेही आहे, तसाच दुकानातला एक खाली काढायला लावला. डबा तोंडातून आत जातो ना आणि चारही बाजूंनी बोटभर जागा राहते ना, हे बघूनच पिशवीत टाकला. दुकानदार वैतागला असेल, वैतागू दे.

संध्याकाळी तिच्या दारात गेले. वैशालीने डबा घेतला, चहा विचारला. मी म्हटलं, "मी बोलले ते खरं होतं गं, पण..."

ती शांतपणे म्हणाली, "खरंच व्हतं मावशी. लेकरांना काय झालं असतं तर मला झोप नसती लागली." मग जाळी डब्यात ठेवत म्हणाली, "पन मी समोरच ऱ्हाते ना."

कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर्सनी आम्हाला खरं बोलायला शिकवलं, छडी मारून शिकवलं. आवाज कुठे खाली आणायचा ते बहुधा घरून शिकून यायचं होतं.

मी रोज समोरून केकचा वास येण्याची वाट बघत होते. काल सकाळी बेल वाजली. दारात वैशाली, अंगावर ड्रेस, खांद्याला जेवणाच्या डब्याची पिशवी. "कुंभवलीच्या कंपनीत पॅकिंगला लागले मावशी, आता केक करायला टाइम कुठं. वापरात नाय तर कशाला ठेवू..."

माझा डबा तिने माझ्या हातात दिला. आपल्याकडे शेजारणीचं भांडं रिकामं परत करत नाहीत. तळाशी तिने चमचाभर साखर घातली होती. रीत पाळली, आणि हिशेब मिटवल्यासारखी जिना उतरून गेली.

आता कोणी मला विचारलं की कुकरमध्ये कुठला डबा चालतो, तर जरूर सांगेन. काच नको, कोटिंग नको, वर्कशॉपमधला पत्रा तर नकोच नको... पण सांगायच्या आधी उठून दार लोटून घेईन.