लोकरीचा नकाशा आणि जन्मस्थळाचा रकाना

"मॅडम, पोरीचा दाखला पायजे. आज मिळंल का?"

अर्चनाचे वडील स्टाफरूमच्या दारात उभे होते. अंगात फौंड्रीतला काळपट शर्ट, चपला बाहेर काढून ठेवलेल्या. अकरावीची वार्षिक परीक्षा दोन महिन्यांवर आली होती. अशा वेळी दाखला, म्हणजे शाळा सोडल्याचं सर्टिफिकेट, कोणी मागत नाही.

"आत्ता? वर्ष संपत आलंय. कुठं पाठवताय तिला?"

"गावाकडं, युपीला. काका हाय तिचा तिथं."

"तिकडं जवळ कॉलेज आहे?"

"बघू."

मी अठ्ठावीस वर्षं शिकवतेय. सोळा वर्षांच्या मुलीच्या बापाचा 'बघू' मला नीट कळतो. त्यात कॉलेज नसतं, लग्न असतं. आणि अर्चना माझ्या वर्गातली एकमेव मुलगी होती, जी नकाशा न बघता कृष्णा-पंचगंगेचा संगम बरोबर जागी काढायची.

"पण झालं काय?"

"पोरगी म्हणतीया, त्या नकाशापासनं वर्गात तिला कुणी नावानं हाक मारत न्हाय. पावणं म्हणत्यात. मी वीस वर्सं हितं भट्टीम्होरं उभा हाय मॅडम. मला म्हणू देत. पण तिनं का ऐकून घ्यायचं?"

नकाशा माझा होता. डोक्यात सणक गेली. आधी वर्गावर गेली, मग स्वतःवर यायला तासभर लागला.

आमची शाळा उचगावच्या बाजूला, शहराच्या कडेला आहे. मी अकरावी-बारावीला भूगोल शिकवते. त्यात 'स्थलांतर' हा भाग येतो. माणसं राहतं ठिकाण सोडून दुसरीकडे का जातात, एवढाच तो विषय. पुस्तकात त्याला पुश फॅक्टर आणि पुल फॅक्टर म्हणतात. जिथून निघतो तिथलं ढकलणारं कारण, जिथं पोहोचतो तिथलं ओढणारं कारण. दरवर्षी पोरं ही कारणं पाठ करतात. रोजगार, शिक्षण, विवाह, नैसर्गिक आपत्ती. याच क्रमानं. एकानं क्रम बदलला तर शेजारचा त्याला दुरुस्त करतो. मला याचा अगदी वीट आला होता.

म्हणून यंदा मी ठरवलं, हातानं करायला लावायचं. हॉलच्या भिंतीवर थर्माकोलच्या शीट जोडून भारताचा मोठा नकाशा केला. टाचण्या आणल्या. लोकरीच्या गुंड्या आणल्या: रोजगाराला लाल, शिक्षणाला निळी, विवाहाला पिवळी. प्रत्येक घराचा एक फॉर्म. त्यात तीन रकाने: कुटुंबप्रमुखाचं नाव, मूळ गाव, स्थलांतराचं कारण. ज्याचं मूळ गाव दुसरं, त्यानं तिथून कोल्हापूरपर्यंत धागा ओढायचा. नमुना म्हणून माझाच फॉर्म भरून फळ्याशेजारी लावला. नवऱ्याचं नाव, मूळ गाव कोल्हापूर, कारण 'लागू नाही'.

चाळीस फॉर्म आले. एकोणचाळिसांवर 'मूळ गाव कोल्हापूर', नाहीतर इथलंच उचगाव. कारणात सगळीकडे 'लागू नाही'. चाळिसावा अर्चनाचा.

एवढ्या मोठ्या नकाशावर एकच लाल धागा लागला, उत्तर प्रदेशातून थेट आमच्यापर्यंत. मागच्या बाकावरचा सूरज मोठ्यानं म्हणाला, "आयला, एकटीच भायरनं आलीया की!" वर्ग हसला. अर्चनाही हसली, म्हणून मी सोडून दिलं. सोडायला नको होतं.

प्राचार्य नकाशा बघायला आले.

"मॅडम, एवढी लोकर आणली आणि धागा एकच?"

"पोरांनी नीट फॉर्म भरले नाहीत, सर."

"मग पुस्तकातनंच शिकवा की. हॉल तरी मोकळा हुईल."

मी वर्गात जाऊन पोरांना अर्धा तास झापलं. आळशी, घरच्यांशी बोलत नाहीत, मोबाइलमधून मान वर काढत नाहीत. सगळं सुनावलं. आणि त्या आठवड्यात अर्चना शाळेत येईनाशी झाली, हे माझ्या लक्षातही आलं नाही.

दाखला तयार करायला आमच्या क्लार्कना सांगितलं. त्यांना सगळे भाऊसाहेब म्हणतात. त्यांनी जनरल रजिस्टर काढलं. शाळेत आलेल्या प्रत्येक मुलाची नोंद या जाडजूड वहीत असते आणि दाखला त्यावरूनच लिहितात. वर्गशिक्षिका म्हणून सहीसाठी कागद माझ्यापुढे आला. मी वाचायला घेतला आणि थांबले.

जन्मस्थळ: कोल्हापूर.

"भाऊसाहेब, हे बरोबर आहे?"

"रजिस्टरला हाय तेच लिवतो मॅडम. सरकारी दवाखान्याचा जन्मदाखला जोडलाय की तिच्या बापानं."

"सूरजचं पान काढा."

सूरजचं जन्मस्थळ गडहिंग्लज. त्याच्या पुढच्या मुलीचं जयसिंगपूर. मग निपाणी, मग पुन्हा गडहिंग्लज, मग चिकोडी. मी उभ्या उभ्या अकरावीची पानं चाळली. निम्म्याहून जास्त वर्ग कोल्हापुरात जन्मलेलाच नव्हता.

यात गूढ काही नाही. आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी. सून सातव्या महिन्यात माहेरी जाते आणि बाळ मामाच्या गावात जन्मतं. दोन-तीन महिन्यांनी मायलेकरं सासरी येतात. अर्चनाच्या आईचं माहेर रेल्वेनं दोन दिवसांवर. तिला नेणार कोण? तिचं बाळंतपण इथंच झालं. आता गंमत अशी, की स्थलांतर मोजायची सगळ्यात साधी पद्धत म्हणजे माणूस जन्मला कुठं आणि राहतो कुठं ते बघायचं. दोन्ही ठिकाणं वेगळी असली की तो स्थलांतरित. त्या हिशेबानं सूरज बाहेरून आलेला आणि अर्चना इथली.

मग माझं लक्ष माझ्याच फॉर्मकडे गेलं. मी जयसिंगपूरची. लग्न करून कोल्हापुरात आले. अठ्ठावीस वर्षं 'विवाह हे स्त्रियांच्या स्थलांतराचं प्रमुख कारण' असं फळ्यावर लिहीत आले, आणि स्वतःच्या फॉर्मवर नवऱ्याचं नाव घालून 'लागू नाही' लिहून मोकळी झाले. पोरांनी आळस केला नव्हता. बाईंनी दाखवलं तसंच इमानदारीनं केलं होतं. रकानाच 'कुटुंबप्रमुख' म्हटल्यावर आया आणि आज्या येणार कुठून? मला स्वतःची भयंकर चीड आली.

अर्चनाचे वडील अजून बाकावर बसून होते.

"दाखला तयार आहे. माझी सही राहिलीय. सोमवारी देते."

"आजच द्या की मॅडम. रजा टाकून आलोय."

"सोमवारी तिला एक दिवस वर्गात पाठवा. त्यानंतर मागितलात, तर तिथल्या तिथं सही करीन."

"त्यानं काय हुईल?"

"माहीत नाही," मी म्हणाले. खरंच माहीत नव्हतं.

त्याच दिवशी नवा फॉर्म वाटला. घरातल्या प्रत्येक माणसाची एक ओळ. जन्म कुठं, इथं कधी आला किंवा आली, कशासाठी. लगेच सूरजचा हात वर.

"मॅडम, आईचं कशाला? आई कुठं भायरची हाय? घरातलीच हाय की!"

"घरात जन्मली का?"

"न्हाय. तिचं माहेर गडहिंग्लज."

"आणि आजी?"

"आज्जी निपाणीची. गल्लीत समदी तिला निपाणीकरीणच म्हणत्यात."

"निपाणी कुठल्या राज्यात?"

"कर्नाटकात," तो हळूच म्हणाला.

"मग भर फॉर्म."

सोमवारी अर्चना आली. पहिल्या बाकावर न बसता दाराजवळ बसली. आम्ही सगळे हॉलमध्ये गेलो. भारताच्या नकाशाशेजारी मी आता कोल्हापूर आणि आसपासच्या जिल्ह्यांचा भिंतभर नकाशा लावला होता. आया, आज्या, चुलत्या, वहिन्या एकेक करून नकाशावर येऊ लागल्या. पिवळी लोकर अर्ध्या तासात संपली. निळी पिवळी म्हणून लावायची पाळी आली. तेवढ्यात प्राचार्य डोकावले.

"आता लोकर कमी पडली? कसलं नियोजन हे मॅडम!"

मी निळी गुंडी सोडवायला घेतली. पहिला धागा मी माझा लावला होता, जयसिंगपूर ते कोल्हापूर. पोरी त्याच्याकडे बघून आपापसांत काहीतरी कुजबुजत होत्या.

शेवटी म्हटलं, "आता प्रत्येकानं स्वतःचा." मी रजिस्टरमधली जन्मस्थळं मोठ्यानं वाचली. सूरजला गडहिंग्लजपासून धागा ओढावा लागला. अर्चनाचं नाव आलं, तेव्हा तिनं कोल्हापूरवर एक टाचणी टोचली आणि बाजूला झाली. धागा नाही.

सूरज उसळला. "मॅडम, ह्ये चीटिंग हाय! आई बाळंतपणाला माहेरी गेलती. मी तीन महिन्याचा आलोय हितं. एवढ्यावरनं मी भायरचा व्हय?"

मी तोंड उघडणार, इतक्यात अर्चनाच म्हणाली, "न्हाय रं. तू हितलाच हाईस. आई माहेरी गेलती, एवढंच की."

सूरजनं तिच्याकडे बघितलं, मग हातातल्या धाग्याकडे. कान लाल झाले त्याचे. आठवडाभर त्याला तिच्याबद्दल जे म्हणायला सुचलं नव्हतं, ते तिनं त्याला एका वाक्यात देऊन टाकलं होतं.

तिचे वडील सोमवारी आले नाहीत. मंगळवारीही नाहीत. बुधवारी मीच फोन केला. "ऱ्हाऊ दे आता," म्हणाले, "परीक्षा हू दे." बारावीच्या परीक्षेनंतर ते काय म्हणतील, मला सांगता येणार नाही. आज ती बारावीत आहे, एवढं खरं. सूरज सुधारला वगैरे म्हणायला मी तयार नाही. पण तिला अर्चना म्हणतो.

स्थलांतरावर मी आता चांगलं शिकवते असं पोरं म्हणतात. शिकलेली गोष्ट मात्र एकच. कुठलाही फॉर्म वर्गात वाटण्याआधी तो आपण स्वतः खरा भरून बघावा. मी तो खोटा भरला, आणि त्यापायी दुसऱ्याच्या मुलीची शाळा सुटायची वेळ आली होती.