मालेच्या रस्त्यावरचा आलेख

प्रा. विनायक सरोदे सरांना पाहण्याआधी मी त्यांची गाडी पाहिली, आणि तीही वर्गातल्या पडद्यावर. मुळशीतल्या आमच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात ऑटोमोबाईलचा तो माझा पहिला तास. वर्गात सर नव्हते. पडद्यावर होता एक नकाशा, त्यावर सरकणारा ठिपका आणि खाली वरखाली होणारी एक रेघ. सर सूसहून निघाले होते. स्टिअरिंगखाली त्यांनी काडेपेटीएवढं यंत्र बसवलं होतं आणि गाडी क्षणाक्षणाला किती पेट्रोल पितेय, ते थेट आमच्यासमोर उमटत होतं. रेघ खाली तर गाडी शहाणी, रेघ वर तर चालवणारा अडाणी!

सर आले, बॅग ठेवली आणि विचारलं, "बोला, आज मी कुठे चुकलो?"

मी माले गावची, शेतकऱ्याची मुलगी. जीभ आवरायची सवय नव्हती. म्हटलं, "सर, तुमी नांद्यापाशी उगाच दाबलं. म्होरं गतिरोधक हाय की!"

वर्ग खो खो हसला. सर हसले नाहीत. त्यांनी फळ्यावर 'चूक मान्य' असं लिहिलं आणि स्वतःला दहापैकी सात गुण दिले. शिक्षकानं स्वतःला गुण द्यायचे आणि तेही कापून, हे मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. त्याच दिवशी मी सरांची शिष्या झाले.

पुढे तर नुसती धमाल होती. व्याख्यानाचे व्हिडिओ सर आधीच पाठवत. "ते घरी बघा, वर्गात भांडायला या," असा त्यांचा दंडक होता. हायब्रिड गाडी उतारावर ब्रेक मारताना बॅटरी कशी भरते, हे पिरंगुटच्या घाटातल्या त्यांच्या रेघेवर पाहिलं, तेव्हा मी बाकावरून उठून टाळ्या वाजवल्या होत्या. घरी येऊन मी वडिलांच्या, म्हणजे आबांच्या, डोक्याशी कटकट सुरू केली. ते मोटारसायकल चालवायचे आणि मी मागून ओरडायची, "आबा, मूठ हलकी ठेवा! मोटारीत असता तर म्हटलं असतं, पाय हलका ठेवा!"

तिसऱ्या वर्षाला होते तेव्हाची गोष्ट. सकाळी भातखाचरावरून आबा छातीला हात लावूनच परतले. घामानं निथळत होते. रुग्णवाहिकेला यायला वेळ लागणार होता आणि आळीत एकही चारचाकी नव्हती. त्या दिवशी वर्गात माझं सादरीकरण होतं. काय सुचलं कोण जाणे, 'सर, येता येत नाही, आबांच्या छातीत दुखतंय' एवढंच सांगायला मी सरांना फोन लावला. सर पिरंगुटात चहाला थांबले होते. ते म्हणाले, "रस्त्यावर येऊन उभी राहा."

त्यानंतर वर्गात काय घडलं, ते मैत्रिणींनी मला नंतर सांगितलं. पडद्यावरचा ठिपका कॉलेजच्या गेटवरून सरळ पुढे गेला, पौड ओलांडून मालेकडे सुटला आणि रेघ चढली ती उतरेचना. थेंबाथेंबासाठी आम्हाला बोल लावणारे सर असे गाडी पिटाळताना पाहून वर्गाला काही कळेना.

आबांना मागच्या सीटवर घेऊन आम्ही भूगावच्या हॉस्पिटलकडे निघालो. घाटात इंजिनचा आवाज वाढला तसे आबा कण्हत म्हणाले, "सर, पाय हलका ठेवा. आमची पोर सांगती, असं दाबल्यावर पेट्रोल लई जातंय."

"आज जाऊ द्या, आबा," सर म्हणाले. मी रडत होते आणि हसतही होते.

वेळेत पोहोचलो. आबा वाचले.

आठवड्यानं मी वर्गात परतले, तर सरांनी नेमका तोच आलेख पडद्यावर लावला आणि नेहमीसारखं विचारलं, "मी कुठे चुकलो?" मग सरांनीच एकेक चूक दाखवली, गिअर कुठे उशिरा बदलला तेसुद्धा, आणि स्वतःला शून्य दिलं. मी म्हणाले, "सर, पण कारण होतं ना!" त्यावर म्हणाले, "गाडीला कारण कळत नाही. माणसाला कळलं म्हणजे झालं."

आज मी त्याच विभागात शिकवते. कृत्रिम बुद्धिमत्तेनं मायलेजचा अंदाज कसा बांधायचा, हा माझा नवा तास. साठीला आलेले सर वही घेऊन पहिल्या बाकावर बसतात आणि मला सळो की पळो करून सोडतात! मागच्या महिन्यात संगणकाला आम्ही सरांचे सगळे जुने आलेख दिले. त्यानं त्यातला एक सदोष ठरवून बाजूला काढला. विद्यार्थी म्हणाले, "मॅडम, हा काढून टाकू?" मी पाहिलं, तो मालेच्या रस्त्यावरचा होता. मी पहिल्या बाकाकडे पाहिलं. सर वहीत मान घालून बसले होते. "राहू दे," मी म्हटलं, "तो बरोबर आहे."

सरांच्या षष्ट्यब्दीनिमित्त लिहितेय हे कळल्यावर आबांनी इंद्रायणी तांदळाचं पोतं बांधून ठेवलंय आणि निरोप दिलाय. तो जसाच्या तसा लिहिते, कारण माझ्या शुभेच्छा याहून वेगळ्या नाहीत: "सरांना म्हणावं, आता कसली घाई न्हाई. पाय हलका ठेवा. शंभरीपतुर जायाचंय."