पंचमीची पाच तारीख झाली तेव्हा

दहा-बारा वर्षांपूर्वीचा एक रविवार. नवीन पनवेलच्या आमच्या भाड्याच्या घरात मी निवांत पोहे खात बसले होते... आणि दारात एक अनोळखी बाई. हातात माझ्याच कोडची प्रिंटाउट.

ती हेमलता. मोरा बंदराजवळ तिचं झेरॉक्सचं दुकान होतं. पत्ता तिला माझ्या फाइलमध्येच मिळाला, कारण कोडच्या वर नाव-गाव-पत्ता सगळं लिहायची तेव्हा मला भारी हौस...

भरतीची वेळ काढणारी एक छोटी लायब्ररी, म्हणजे कुणीही आपल्या प्रोग्राममध्ये जोडून घ्यावा असा तयार कोड, लिहून मी नेटवर फुकट ठेवली होती. हिशोब आपला किनाऱ्यावरचा, तिथीची पाऊणपट. त्यातल्या फंक्शनला पाच हा आकडा दिला की पंचमीच्या भरतीची वेळ मिळायची, पावणेचार. हेमलता ते जोडलेल्या तिच्या प्रोग्राममध्ये रोज कॅलेंडरवरची तिथी टाकायची आणि दुकानाबाहेरच्या फळ्यावर वेळ लिहायची. कोळीवाड्यातली तरुण मंडळी ती बघून होड्या काढायची.

मग परदेशातल्या कुणाचा तरी मेल आला. तिथी म्हणजे काय, सरळ तारीख घ्या की... हुरळली मेंढी आणि लागली लांडग्याच्या पाठी, तशी मी कामाला लागले. फंक्शनचं नाव तेच ठेवलं, आकड्याचा अर्थ बदलला. आता पाच म्हणजे पाच तारीख.

हेमलताचा प्रोग्राम दर वेळी माझ्या साइटवरूनच ताजी फाइल उचलायचा. एरर आली असती तर बरं झालं असतं... आली नाही. फळ्यावर भलतीच वेळ लागली आणि तिच्या भावाची होडी मासळीसकट गाळात रुतली.

"अहो, पण बदल मी साइटवर लिहिला होता," मी म्हणाले. स्वतःच्या आवाजाचीच मला लाज वाटली.

"होडीचं काय नाय ताई, पाणी आलं का निघते ती," ती शांतपणे म्हणाली. "पण म्हातारी माणसं आता फळ्याला हसतात. दोन वर्सं लागली मला, लोकांनी तो मानायला. आता खरी वेळ लिवली तरी कोण बघणार नाय."

तिच्यासमोरच मी जुनं फंक्शन जुन्या नावाने परत आणलं आणि नव्याला नवं नाव दिलं. माझं काम अर्ध्या तासाचं. फळा सावरायला तिला मात्र अख्खा सीझन लागला.

त्यानंतर काहीही बदलायचं असलं की महिनाभर आधी मोऱ्याला फोन. पुढे लायब्ररी वाढली, कुठकुठले लोक वापरू लागले, तरी पहिला फोन तिलाच. ती चार दिवस नव्या-जुन्या वेळा ताडून बघायची आणि मग कळवायची, "चालेल."

गेल्या महिन्यात फोन तिचाच आला.

"ताई, फळा बंद करतेय. आता सगल्यांकडं मोबाईल हाय, ज्याचं तो बघतो. पुढच्या महिन्यापासून तुमचं जुनं फंक्शन आमी वापरणार नाय. आधीच सांगून ठेवते, तुमची अडचण नको व्हायला."

इतक्या वर्षांत किती जण ही लायब्ररी वापरून सोडून गेले, मला पत्ताही नाही. कुणी जाताना कळवावं असं कधी मनातही आलं नव्हतं... हिने मला महिन्याची मुदत दिली. फोनवर हे सांगायचं राहूनच गेलं, म्हणून इथे लिहितेय. हेमा, थँक्यू.